पत्त्यांच्या गावी दोन रात्री

बलिप्रतिपदेला द्यूत खेळावे, असे शास्त्र सांगते. आमच्या वडिलांनी मनापासून पाळलेला हा एकमेव शास्त्रार्थ. एरवी सोवळ्याओवळ्याचा त्यांना कंटाळा. पण पाडव्याच्या रात्री जेवणे आटोपली की ते स्वतः माजघरात सतरंजी अंथरीत, चिंचोक्यांचा डबा मध्ये ठेवीत आणि तीन पत्तीचा डाव मांडीत. त्या डावात मी जन्मात कधी जिंकलो नाही. समोर माझी धाकटी बहीण माई बसलेली असे. मला खरोखरीची पाने लागली की ती निमूटपणे पॅक होई, आणि माझ्या हाती काही नसताना मी मोठ्या आवेशाने चिंचोके सरकवले की शेंगदाणा तोंडात टाकीत शांतपणे म्हणे, "दादा, शो!" "तुला कळतं तरी कसं गं?" या माझ्या प्रश्नाचे उत्तर तिने पन्नास वर्षांत दिलेले नाही.

गंमत अशी की, पुढे माझे सारे आयुष्य लोकांचे चेहरे वाचण्यातच गेले. बँकेत तेहतीस वर्षे काढली. त्यांतली पहिली अकरा कॅशियरच्या पिंजऱ्यात. जाळीपलीकडचा माणूस चेक पुढे करतो तेव्हा सही बघण्याआधी आपण त्याचा चेहरा बघतो, हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, पण प्रत्येक कॅशियर ते करतो.

यंदा जूनमध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता लॉस एंजेलिसला निघालो, तेव्हा माईने चकल्यांचा डबा माझ्या हाती दिला. तिचा मुलगा तिथेच जवळ राहतो. वय एकतीस, संगणकाचा इंजिनीअर, अद्याप सडा. पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ तो खेळतो, हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. "महिन्यातून एखादे वेळी, गंमत म्हणून," असे तो सांगे.

"दादा, एकदा डोळ्यांनी बघून ये," माई म्हणाली. "फोनवर सगळं छान आहे म्हणतो. इतकं छान कुणाचंच नसतं."

नातू तीन आठवड्यांचा झाला. मी घरात कोणाच्याच उपयोगाचा नाही, हे सर्वांच्या लक्षात आले. अशा सुमुहूर्तावर भाच्याने विचारले, "मामा, लास व्हेगासला येतोस? दोन रात्री. मी रजा काढलीय." बायकोने परवानगी दिली, खेळण्यासाठी दोनशे डॉलरही मंजूर केले, आणि ते संपल्यावर घड्याळ विकायचे नाही, असे बजावले.

लॉस एंजेलिसहून लास व्हेगासला मोटारीने साडेचारशे किलोमीटरच्या आतबाहेर अंतर पडते. वाटेतले बारस्टो नावाचे गाव मोहावीच्या वाळवंटातच आहे. आपल्याकडल्या माणसाला वाळवंट म्हटले की वाळूच्या टेकड्या आठवतात. इथे तसे नाही. करपलेली तपकिरी जमीन, खुरटी झुडुपे आणि क्षितिजावर भाजलेल्या विटांच्या रंगाचे डोंगर. वाटेत बेकर या चिमुकल्या गावी १३४ फूट उंचीचा उष्णतामापक उभा आहे. जवळच्या मृत्युदरीत, म्हणजे डेथ व्हॅलीत, १९१३ साली १३४ अंश फॅरनहाइट तपमान नोंदले गेले, म्हणून उंचीही तेवढीच. आम्ही गेलो तेव्हा त्याने ११० दाखवले. मला तेवढे पुरेसे वाटले.

लास व्हेगास म्हणजे स्पॅनिशमध्ये कुरणे. एके काळी इथे झऱ्यांच्या पाण्यावर गवत वाढे, यावर आता विश्वास बसणे कठीण. १९०५ साली रेल्वेने जमिनीचे तुकडे लिलावात विकले आणि गाव वसले. १९३१ साली नेव्हाडा राज्याने जुगार कायदेशीर केला, त्याच वर्षी जवळच हूव्हर धरणाचे काम सुरू झाले. आणि मग या गावाला मागे वळून पाहण्याचे कारण उरले नाही. आमच्या हॉटेलच्या तळमजल्यावर शिरलो तो काय, घंटा, शिट्या आणि रंगीत दिवे यांचा एकच कल्लोळ! हजारभर यंत्रे, आणि प्रत्येकीपुढे एकेक माणूस ध्यानस्थ. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही. बाहेर दुपार आहे की मध्यरात्र, हे आत कळूच नये, अशी चोख व्यवस्था.

"इथे थांबायचं नाही," भाचा म्हणाला. "या यंत्रांशी खेळणं म्हणजे हॉटेलशी खेळणं. शेवटी हॉटेलच जिंकतं. पोकरमध्ये हॉटेल फक्त पाने वाटतं आणि प्रत्येक डावातून थोडी दलाली कापून घेतं. खेळ माणसामाणसांत."

पत्त्यांची खोली त्या मानाने शांत होती. हिरव्या बनातीची लंबगोल टेबले, नऊनऊ माणसे आणि चिप्सचा बारीक खुळखुळाट. सगळे जण बोटांनी चिप्सच्या दोन चळती एकमेकींत मिसळीत असतात. पावसाळी रात्री बेडूक ओरडावेत तसा तो आवाज चालू राहतो. पहिल्या रात्री मी कठड्याबाहेर उभा राहून नुसता पाहत होतो.

वाचकांपैकी ज्यांना तीन पत्ती येते त्यांना पोकर समजायला अडचण नाही. प्रत्येकाला दोन पाने मिळतात, ती त्याने गुप्त ठेवायची. मग टेबलाच्या मध्यावर पाच पाने उघडी पडतात, ती सगळ्यांची: आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, नाही तर पाने टाकून बाहेर पडायचे. सात पानांतली उत्तम पाच ज्याची सरस, तो जिंकला. पण गोम अशी की पुष्कळ डाव पाने उघडण्यापर्यंत जातच नाहीत. समोरच्याला भिववून घालवले की तुमच्या हाती चिंध्या असल्या तरी पैसे तुमचे. म्हणून खरा खेळ पानांचा नव्हे. तो काय सांगतो आहे आणि ते खरे आहे का, याचा.

या शास्त्रावर माइक कारो नावाच्या गृहस्थाचे १९८४ सालचे पुस्तक प्रसिद्ध आहे. भाच्याने ते मला आधीच वाचायला दिले होते. त्याचे मुख्य सूत्र माईला सतरंजीवर सापडले होते तेच: जो जोर दाखवतो तो बहुधा कच्चा, आणि जो हताशपणे उसासा टाकून पैसे लावतो त्याच्यापासून सांभाळा. पण एका ठिकाणी मी थबकलो. पैसे लावताना एखाद्याचे हात एकाएकी थरथरू लागले तर तो थापा मारतो आहे असे समजू नका, असे कारो म्हणतो. बहुधा त्याला जबरदस्त पाने लागलेली असतात, आणि मनावरचा ताण एकदम सुटल्यामुळे हात कापतात.

मला पिंजऱ्यातला एक दिवस आठवला. एक शेतकरी मोठ्या रकमेचा चेक घेऊन आला होता आणि त्याचे हात लटलट कापत होते. मी चेक अडवून धरला, त्याला दीड तास बाकावर बसवून ठेवले. चेक अस्सल होता. जमीन विकून मुलीच्या लग्नासाठी त्याने एवढी रक्कम आयुष्यात प्रथमच हाती धरली होती. उलट, पुढे काही वर्षांनी शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी जामिनकीचा कागद घेऊन आला, हसतखेळत, चहा मागवून. त्याची नजर कागदावरून एकदाही वर आली नाही. मला त्या क्षणी सगळे कळले होते. पण 'नाही कसे म्हणायचे?' म्हणून मी सही केली आणि चार वर्षे त्याचे हप्ते फेडले. पहिल्या वेळी मी ज्याला अंतःप्रेरणा समजलो ती नुसती ऐकीव समजूत होती. दुसऱ्या वेळी ती खरी होती, तर तिच्याकडे पाठ फिरवली.

भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने विद्वानांचा दाखला दिला. डॅनियल काहनेमन हे मनाच्या पहिल्या कौलावर अविश्वास दाखवणारे, आणि गॅरी क्लाइन हे अग्निशामक दलातल्या जवानांचा अभ्यास करून त्या कौलाची बाजू घेणारे. दोघांनी मिळून २००९ साली एक निबंध लिहिला आणि त्यांचे बरेचसे एकमत झाले. मन पटकन जे सांगते ते विश्वासार्ह केव्हा? ज्या गोष्टीत काही नियमितपणा आहे, ती तुम्ही पुष्कळ काळ पाहिली आहे आणि चुकलात की चूक लगेच कळली आहे, तेव्हा. नुसते 'मला आतून वाटलं' याला किंमत नाही. कॅशियरला रोज संध्याकाळी रोकड जुळवावी लागते, तेव्हा चूक त्याच दिवशी कळते. म्हणून तो शिकतो.

हे सगळे ज्ञान घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोनशे डॉलरच्या चिप्स घेऊन टेबलाशी बसलो. माझ्या समोर हिरव्या टोपीतला एक गृहस्थ होता, साठीचा, गप्पिष्ट. तीन तास मी फारसे खेळलो नाही, त्यालाच पाहिले. तो सतत चिप्स खेळवी आणि शेजाऱ्याशी बोले. पाने खरी असली की पैसे लावल्यानंतरही चिप्स वाजत राहत. दोनदा त्याची थाप उघडी पडली, आणि दोन्ही वेळा पैसे पुढे सरकवल्यावर त्याची बोटे गोठल्यासारखी थांबली होती.

मग माझा डाव आला. किलवरचा एक्का आणि चौकटचा गुलाम. मी बारा डॉलर लावले. टोपीवाला आणि आणखी एक जण आला. मध्ये पडले बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी, किलवरची तिर्री. गुलामांची जोडी, वर एक्का! मी पंचवीस लावले. तिसरा गेला, टोपीवाला राहिला. पुढचे पान इस्पिकची दुर्री. मी चाळीस लावले; तो राहिलाच. शेवटचे पान चौकटचा राजा. मी थांबलो. त्याने चळतीच्या चळती पुढे ढकलल्या. मला टिकायचे तर माझ्यापुढचे उरलेले सगळे, म्हणजे एकशे तेरा डॉलर, लावणे भाग होते.

त्याची बोटे थांबली. तोंडही थांबले. बदामची पाने जमवीत होता, जमली नाहीत, आता भिववतो आहे: हे मला इतके स्वच्छ दिसले की जणू त्याची पाने उताणीच होती. हे सारे एका क्षणात. आणि दुसऱ्या क्षणी मी विचार करू लागलो. एकशे तेरा डॉलर म्हणजे साडेनऊ हजारांच्या घरात रुपये. त्याच्याकडे राजा असला तर? भाचा मागे उभा आहे, चुकलो तर काय म्हणेल? या वयात हसे नको. विचार सगळे सयुक्तिक होते. फक्त त्यांतला एकही त्या माणसाबद्दल नव्हता. मी पाने टाकली.

टोपीवाल्याने आपली पाने उलटून दाखवली: बदामची दश्शी आणि नव्वी. काहीही नाही! वर मला डोळा मिचकावला.

"मामा," भाचा नंतर म्हणाला, "टेबलावर दोनशे त्र्याऐंशी होते आणि तुला लावायचे होते एकशे तेरा. अशा दहा डावांत तीनदा जरी तुझा अंदाज खरा ठरला असता, तरी तू फायद्यात होतास. आणि तुझी खात्री किती होती?"

"दहात आठ."

"मग?"

मी काही बोललो नाही. उरलेले डॉलर रात्रीपर्यंत कसे गेले ते लिहिण्यासारखे नाही. घड्याळ मात्र शाबूत आहे.

त्या रात्री त्याने मला जुन्या गावात, फ्रीमाँट रस्त्यावर नेले. १९९५ साली या रस्त्यावर चारपाच चौक झाकील एवढे कमानदार छत घातले आणि त्यावर दिव्यांची चित्रे हलू लागली. खाली वाहनांना बंदी. वर माणसे तारेला लोंबकळत आरडाओरडा करीत जातात. याच रस्त्यावर बेनी बिनियन नावाच्या टेक्सासच्या माणसाने १९५१ साली 'हॉर्सशू' काढला. त्यात एके काळी दहा हजार डॉलरच्या शंभर नोटा काचेमागे मांडलेल्या होत्या. त्या आता तिथे नाहीत. मी मात्र कॅशियरच्या हळहळीने ती जागा शोधली. पोकरची जागतिक स्पर्धा १९७० साली इथेच सुरू झाली. हल्ली ती स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांत भरते, आणि २०२४ साली तिच्या मुख्य सामन्याला १०,११२ माणसे होती.

"तुझा डाव इथे आधी खेळून झालाय," बिनियनच्या दाराशी भाचा म्हणाला, आणि त्याने २००३ सालची गोष्ट सांगितली. शेवटचे दोघे उरले होते. एक सॅम फारहा, मुरलेला खेळाडू, तोंडात न पेटवलेली सिगारेट. दुसरा टेनेसीचा हिशेबनीस, संगणकावर ८६ डॉलरची चाचणी खेळून आलेला, आडनाव मनीमेकर. हे मी रचून सांगत नाही, खरेच मनीमेकर! फारहाजवळ नव्व्यांची जोडी होती, मध्ये पडलेल्या पानांत तिच्यापेक्षा मोठे पान नव्हते. मनीमेकरजवळ इस्पिकचा राजा आणि एक सत्ती. तो इस्पिकांची वाट पाहत होता, ती आली नाहीत, आणि त्याने होते नव्हते ते सगळे लावले. फारहाने अचूक ओळखले. तुझी इस्पिके हुकली वाटते, असे तो बोलूनही गेला. आणि मग त्याने पाने टाकली. मनीमेकर जिंकला ते २५ लाख डॉलर. त्या वर्षी ८३९ स्पर्धक होते. एक सामान्य हिशेबनीस जिंकतो हे पाहून पुढल्या वर्षी २,५७६ आले.

मला बरे वाटले, हे कबूल करतो. फारहासारख्या माणसाच्या पंक्तीला बसायला मिळणे काही लहान गोष्ट नव्हे.

"आणि ज्याने कधीच पाने टाकली नसती असा एक होता," भाचा पुढे म्हणाला. स्टू उंगर. १९८०, १९८१ आणि १९९७ अशी तीन वर्षे तो हा मुख्य सामना जिंकला. १९९७ चा शेवटचा सामना तर या छताखाली, भर रस्त्यात खेळला गेला. एकदा १९९० सालचा विजेता मन्सूर मतलूबी याने सगळे पैसे लावून त्याला कोंडीत पकडले. उंगरच्या हाती जोडीसुद्धा नव्हती, सर्वांत मोठे पान दश्शी. त्याने मतलूबीकडे निरखून पाहिले, तुझ्या हाती चौका-पंजा नाही तर पंजा-छक्का आहे असे सांगितले आणि पैसे लावले. चौका-पंजाच निघाला. माणसे अशी वाचणारा हा उंगर १९९८ च्या नोव्हेंबरात याच गावातल्या एका स्वस्त मोटेलात मेला. वय पंचेचाळीस, खिशात काही शे डॉलर. बाकी सगळे अमली पदार्थांत आणि घोड्यांवर गेले होते.

हे सांगताना भाच्याचा हात पँटच्या खिशात होता. त्यात दोन चिप्स होत्या, त्या तो बोलता बोलता एकमेकींवर वाजवीत होता. मी त्या ऐकत होतो.

पहिल्या रात्रीपासून काही गोष्टी माझ्या डोक्यात साठत होत्या. पत्त्यांच्या खोलीतल्या माणसाने नाव न विचारता त्याचे नाव लिहून घेतले. पाने वाटणाऱ्या बाईने, पाठदुखी कशी आहे, असे विचारले. वेट्रेसने न सांगता बिनसाखरेचा चहा आणून ठेवला. माझ्या बँकेत महिन्यातून एकदा येणाऱ्या खातेदाराला शिपाई पाणीही विचारीत नसे. शिवाय आज गुरुवार होता, आणि दोन दिवसांत कचेरीतून एकही फोन आला नव्हता.

दुपारी पाने टाकली होती. आता टाकायची नाहीत, असे ठरवले. "नोकरी सोडलीस का," असे मी विचारले नाही. "नोकरी सोडून किती महिने झाले?" असे विचारले.

खिशातला आवाज थांबला.

छतावरून एक प्रचंड निळा मासा पोहत गेला. तो पार पलीकडे पोचेपर्यंत आम्ही दोघे गप्प होतो.

"मार्चपासून," तो म्हणाला. "ग्रीन कार्ड आलं, त्याच महिन्यात."

रस्त्याच्या कडेला एका बाकावर बसून त्याने मला काळ्या पुठ्ठ्याची वही दाखवली. प्रत्येक दिवसाचे तास, जमा किंवा नावे, आणि पुढे तिसरा रकाना: कोणत्या डावात काय वाटले, तसे केले की नाही, आणि शेवटी काय निघाले. "हेच माझं रोकड जुळवणं, मामा." सवयीने मी बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. एकूण रक्कम जमेची होती. नोकरीच्या पगाराजवळ जाणारी नव्हे, पण जमेची. शेवटची दोन पाने मात्र नावेची होती. आणि त्या दोन पानांवर तिसरा रकाना कोरा होता.

मी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवले.

"बघितलंस तू ते," तो म्हणाला. "हरायला लागलो की लिहावंसं वाटत नाही."

"उद्यापासून लिहायचं. आणि आईचं काय?"

"दिवाळीला येतोय. मी स्वतः समोर बसून सांगेन. तोवर तू काही बोलू नकोस. प्लीज, मामा."

हे तो म्हणाला तेव्हा खिशातल्या चिप्स पुन्हा वाजू लागल्या होत्या. म्हणून मी त्याला शब्द दिला.

खोलीवर पोचलो तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे अकरा. फोन वाजला. माई.

"भेटला का? कसा आहे?"

"अगं, उत्तम आहे," मी म्हटले. "प्रकृती छान, काम छान. चकल्या तर फारच आवडल्या. तू उगीच काळजी करतेस. सगळं अगदी झकास चाललंय बघ त्याचं!"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. ती पुरती विरेपर्यंत माई काही बोलली नाही.

"दादा," मग ती म्हणाली, "शो."